पोट तपासताना

नात डॉक्टरकी शिकते, निम्मी कॉलेजात, निम्मी घरी लॅपटॉपवर. काल पडद्यावरचे सर सांगत होते, "पोट दाबताना रुग्णाच्या तोंडाकडे बघा."

"आबा, आडवे व्हा. सराव करते."

बरगडीखाली फिरणारा तिचा हात एकदम थांबला. तिनं पुन्हा तिथंच दाबलं.

"दुखतंय?"

"छट्! जेवली नाहीस का? जोर लाव की."

दुखत तर महिनाभर होतं. पण मी तोंडावरची रेघ हलू दिली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्या. तिचं पांढरं पडलं होतं. सर शिकवतच होते. त्यांना आम्ही थोडेच दिसतो?

आज ती वर्गात गेली आहे. पोटात हाताला काही लागलं तरी आपल्या तोंडावर दाखवायचं नाही, हे तिथं सर समोर उभं राहून शिकवतील. परक्यांना उपयोग होईल. मला कळायचं ते कळलं.