हवेचं भोक

मार्गशीर्षातला रविवार, सकाळ. हजर: शेजारचे भाऊ, वहिनी, वेल्डर आणि मी.

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, म्हणून पीक निघेपर्यंत भाऊ आणि वहिनी आसेगावच्या शेतात राहणार आहेत. त्यासाठी भाऊंनी जीपमागे ओढायची पत्र्याची खोली करून घेतली. त्यांचं वाऱ्याशी वैर आहे. बोलता बोलता ते बोटाने फट चाचपतात आणि सापडली की चिंधी कोंबतात. रात्री आत कोळशाची शेगडी पेटणार आहे.

"हवेला भोक ठेवा, भाऊ. बंद खोलीत निखारे जीव घेतात," मी म्हणाले.

"ताई, तुमी तं जेवनाच्या डब्यालेही खिडकी मागसान!"

वहिनी हसल्या आणि हसता हसता खोकल्या. मी वेल्डरला खुणावलं. त्याने छताजवळ भोक पाडलं. भाऊंनी गळ्यातला मफलर काढला आणि त्यात गच्च कोंबला.

"तिले थंडी सोसत नाही," ते हळूच म्हणाले.

उद्या सकाळी ते निघतील. शेगडी बाहेर काढल्याशिवाय झोपू नका, हे वहिनींना बाजूला घेऊन सांगायचं अजून बाकी आहे.