कोयनेच्या चढावर सुटलेला हँडब्रेक

"कुठाय खराब? हा बघा!" म्हणत मी जीप सेकंड गिअरला टाकली आणि हँडब्रेक ओढलेला ठेवूनच क्लच सोडला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. म्हणजे ब्रेक घट्ट धरत होता. शेजारी अण्णा उभे होते. त्यांनी नुसतं आपल्या ड्रायव्हरकडं, तानाजीकडं पाहिलं. तानाजीनं मान खाली घातली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. विश्रामबागेतल्या एका गॅरेजमध्ये मी हेड मेकॅनिक होतो. अण्णा सांगलीतले हळदीचे व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची बहीण कोयनानगरच्या कॉलनीत दिलेली. तिच्याकडं आईला, म्हणजे आक्कांना, घेऊन तानाजी निघाला होता. पाटणच्या पुढं चढावर रेडिएटर तापला. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नसतं, म्हणून त्यानं ते चालूच ठेवलं, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि कॅन घेऊन ओढ्याला गेला. तो पाणी घेऊन येतोय तोवर जीप मागं घरंगळली आणि कठड्याला जाऊन टेकली. कठड्यापलीकडं दरी. आत बसलेल्या आक्कांना खरचटलंसुद्धा नाही, पण अण्णांचं डोकं फिरलं होतं.

"मिस्त्री, ब्रेक खराब असला तर तसं लिहून द्या. चांगला असला तर ह्यानं तो ओढलाच नव्हता. मग उद्यापासून हा माझ्याकडं नको."

तानाजी माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. गावातली निम्मी माणसं मुंबईला, हा एकटा ड्रायव्हिंगवर सांगलीत टिकलेला. गाडी सोडून गेलेला ड्रायव्हर असं एकदा नाव झालं की पुन्हा कुणी किल्ली हातात देत नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

"आवं मिस्त्री, आईची आण, म्या वडला हुता!"

"मग सुटला कसा रं? भुतानं सोडला?" मी खेकसलो. तेव्हा माझ्या नाकावर राग असायचा. त्यात महिन्यापूर्वी त्या हँडब्रेकचं काम मीच केलं होतं. माझं काम वाईट निघेल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

त्या जीपचा हँडब्रेक चाकात नसायचा. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडं जो लांब दांडा जातो, त्याच्या तोंडाशी ताटलीएवढा एक ड्रम असायचा. आपण दांडी ओढली की वायर ताणते, ड्रमच्या आत लायनिंगचा पट्टा घासून बसतो, दांडा अडतो आणि चाकं अडतात. मी ड्रम उघडला. आत कोरडं ठणठणीत, लायनिंग नवं. मी जॉबकार्ड ओढलं आणि 'हँडब्रेक ओके' लिहून टाकलं. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि आक्का उतरल्या. सत्तरीच्या, काठीशिवाय चालणाऱ्या.

"अरे अण्णा, त्या पोराला कशाला छळतोस? त्यानं दांडी ओढली तेव्हा कटकट वाजलेलं मी ऐकलंय. तो पाण्याला गेला, मी णमोकार मंत्राची माळ घेतली. माळ पुरी होत आली तेव्हा गाडी हलली."

"आई, तुला सगळ्यांचीच दया येते."

"हातात माळ होती माझ्या. खोटं बोलू?"

मी पेन ठेवलं. "आक्का, एका माळेला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं. इतकी वर्षं तेवढीच लागतात."

माझे कान तापले. चढावर ब्रेक ओढलाच नसता तर गाडी जागेवरच सुटली असती. म्हणजे ब्रेक ओढला होता, धरलाही होता आणि मग हळूहळू ढिला पडला होता. असं एकाच गोष्टीनं होतं, ती म्हणजे लायनिंगवर झिरपून ते निसरडं करणारं तेल. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला तेल अडवणारी रबरी कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. महिन्यापूर्वी जुनं लायनिंग तेलानं भिजलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सील सांगलीत मिळेना, पुण्याहून मागवायचं, आणि अण्णांना गाडीची घाई. मी नुसतं लायनिंग बदललं आणि वर तानाजीला म्हणालो, "आता बिनघोर ओढ. चाकाला दगड लावायची गरज नाही." त्यानं माझं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा.

पण मग ड्रम कोरडा कसा?

"तानाजी, गाडी धुतलीस का?"

"व्हय. सोड्याचं पाणी मारून, खालनं, पार ड्रमच्या फटीतनं जेट धरला. घाण गाडी गॅरेजात कशी आणायची? लोक काय म्हंतील?"

आमच्याकडं मेकॅनिककडं गाडी नेताना सगळे अशीच नटवून नेतात. गड्यानं स्वतःचा पुरावा स्वतःच्या हातानं धुऊन काढला होता!

सांगलीत चढ शोधून सापडत नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा, तानाजी आणि मी जीप घेऊन पाटणपुढच्या त्याच चढावर गेलो. इंजिन चालू, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मी पायाच्या ब्रेकवर पाय तयार ठेवून बसलो. तानाजी मागच्या चाकाशी दगड घेऊन उभा राहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. अण्णा घड्याळ बघून म्हणाले, "झालं का समाधान?" आणि बाराव्या मिनिटाला जीप बोटभर मागं सरकली.

मी ब्रेक दाबला. तानाजीनं आधी चाकाखाली दगड सारला, मग तिथंच बसून ढसाढसा रडला. ड्रममधून काळं तेल ठिबकत होतं. गाडीचं नाक वर, तेल गरम आणि पातळ, ते मागं गोळा होऊन सीलातून झिरपत होतं. सपाटीवरच्या थंड गाडीत ते दिसलंच नसतं.

"अण्णा, चूक ह्याची नाही, माझी आहे," मी म्हणालो आणि महिन्यापूर्वीचं सगळं सांगितलं. अण्णांनी खाली वाकून ठिबकणारं तेल पाहिलं. मग त्यांनी तानाजीच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ. माझं चुकलं." माझ्याशी मात्र सांगलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि ते रास्तच होतं.

परत आल्यावर मी आधी आक्कांच्या पाया पडायला गेलो. त्या आल्या नसत्या तर मी सही करून मोकळा झालो असतो आणि एका कष्टाळू माणसाचं आयुष्य मातीत गेलं असतं. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

सील आल्यावर अण्णा गाडी दुसऱ्या गॅरेजला देणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण जीप आमच्याच दारात आली. स्टिअरिंगवर तानाजी.

"इथं कशाला आणलीस रं? माझ्यामुळं तर घरी बसला असतास."

"अण्णा न्हाईच म्हनत हुतं. म्याच हट्ट केला," तो म्हणाला. "चुका समदेच मिस्त्री करत्यात. पर मालकाच्या तोंडावर सांगाय कोयनेपतूर कोन जातंय?"

मी गाडीखाली शिरलो. बरं झालं, तिथं तोंड दिसत नाही. तेव्हापासून मी नियम केला: गाडी कुठं बिघडली ते नुसतं ऐकायचं नाही, तिथं जाऊन बघायचं.