मुदतीचा रकाना

अमरावतीत कोण नवा धंदा काढतंय, हे पुष्कळदा त्याच्या बायकोच्याही आधी मला कळायचं. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली मी अर्जनवीस म्हणून बसत असे. पुढ्यात लाकडी पेटी, खाली बाळापूरची सतरंजी, आणि समोर कोणी ना कोणी उकिडवा बसलेला. त्याचं म्हणणं सरकारला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. भागीदारीची फर्म नोंदवायचा कायदा तेव्हा नवाच होता. फॉर्म नागपूरला जायचे, पण भरले जायचे माझ्या पेटीवर.

मोठ्या पेढ्यांचे मारवाडी, कच्छी शेठ माझ्याकडे फिरकत नसत. त्यांचे वकील होते, मुनीम होते. माझ्याकडे यायची ती नवी माणसं, ज्यांच्या घरात आजवर कोणी दुकानाच्या गादीवर बसलं नव्हतं. कापसावर सगळं घर चालायचं नाही असं वाटू लागलेले कुणबी चुलतभाऊ सरकी-ढेपेचं दुकान काढायला येत. एकाचं शिवणयंत्र आणि दुसऱ्याचे हात, असे शिंपी येत. दलालाला वैतागलेले माळी संत्र्याच्या पेट्या स्वतःच मुंबईला धाडायचं म्हणत. एकदा एक जण आणि त्याचा मेव्हणा चहाचं हॉटेल काढायला आले आणि फॉर्म भरता भरता दुधात पाणी किती घालायचं यावरून भांडले. मी दोघांनाही हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी परत आले, हातात हात घालून.

जो येई तो जोडीने येई, कारण एकट्याची फर्म होत नाही. दिवसभर मी या जोड्या लिहायचो आणि संध्याकाळी पेटीला कुलूप लावून खोलीवर जायचो. लग्न केलं नाही. त्याची कारणं पुष्कळ सांगता येतील, पण पहिलं माझा स्वभाव. जेवायला खानावळ होती. तिथे "भाजी वाढू का" असं विचारत, आणि उत्तराची वाट न पाहता वाढत. सणाच्या दिवशी खानावळ बंद असली की मी चुरमुरे खाऊन झोपायचो. अमरावतीत माझ्या ओळखीची शेकडो माणसं होती, पण मी दोन दिवस दिसलो नाही तर चौकशीला येईल असं त्यांत एकही नव्हतं. याचं मला वाईट वाटत नसे, असं मी सगळ्यांना सांगायचो. वाटायचं, फार वाटायचं.

फॉर्ममध्ये फर्मचं नाव, ठिकाण, भागीदार असे रकाने असत, आणि एक रकाना मुदतीचा. ही भागीदारी किती दिवसांची? मला त्या रकान्याची धास्ती होती. त्याचं कारण अकोल्यात होतं.

आम्ही दोघे भाऊ बाळापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. थोरल्याच्या हातात कसब होतं, माझ्या हातात अक्षर. कायदा आला त्याच सुमारास आम्ही अकोल्याला सायकलचं दुकान काढलं. भाड्याच्या चार सायकली आणि दुरुस्ती. फॉर्म मीच भरला. मुदतीच्या रकान्यात वकिलाने सांगितलं तसं लिहिलं: दोघांची मर्जी असेपर्यंत. सगळे तसंच लिहीत, अजूनही लिहितात. दादाला वाचता येत नव्हतं. वर्षभराने कोणाकडून तरी त्याने तो कागद वाचून घेतला आणि दुपारच्या वेळी हातातला पाना खाली ठेवून मला म्हणाला, "तुई मर्जी कवा जानार हाय, तेवढं सांगून ठेव."

मी समजावलं असतं तर तो हसला असता. पण मला राग आला. ज्याला वाचता येत नाही त्याने मला कायदा शिकवावा! शब्दाला शब्द वाढला, आणि आठवड्याने मी त्याला लेखी नोटीस दिली की माझी मर्जी संपली. मर्जीची फर्म मोडायला एक नोटीस पुरते. दुकान त्याच्याकडे ठेवून मी अमरावतीला आलो. त्याने बरोबर तेच ओळखलं होतं आणि मी ते खरं करून दाखवलं. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. आमच्यात अबोला होता असंही म्हणता येणार नाही. काहीच नव्हतं.

अशात एकदा दोन बायका आल्या. नांदगाव खंडेश्वरकडच्या माळणी, एकाच नवऱ्याच्या. नवरा वारला होता. अंबादेवीच्या वाटेवर फुलांचं आणि हारांचं दुकान दोघी मिळून चालवत होत्या, आणि नवऱ्याचा पुतण्या दुकान आपलंच आहे म्हणून रोज दारात उभा राही. दोघींच्या नावाचा कागद झाला तर त्याचं तोंड बंद होणार होतं. थोरली माझ्या उजव्या हाताला बसली, धाकटी डाव्या, आणि दोघींनी एकमेकींकडे पाठ केली.

"तिले इचारा," थोरली म्हणाली, "सही लागते का अंगठा."

"तिले सांगा, अंगठा लागते," धाकटी म्हणाली. "मी कालच इचारून आली."

मी मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होतो. नवऱ्याच्या रकान्यात तेच नाव दोनदा लिहिलं. मग मुदत आली. सवयीने मी म्हणालो, "दोघींची मर्जी असेपर्यंत, असं लिहितो."

थोरली पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "मर्जी? भाऊ, मर्जी कवा होती? मर्जीवर असतं तं हे बाई माया घरात आली असती का? मर्जी नोका लिवू."

"मग काय लिहू?"

"लिवा, ते बाई मरेपर्यंत."

"तिले सांगा," डावीकडून आलं, "मी आधी मरनार नाई."

शेवटी मी लिहिलं: दोघी जिवंत असेपर्यंत. वाचून दाखवल्यावर दोघींनी माना डोलावल्या, दोन वेगळ्या दिशांना. पुतण्याची कटकट खरंच थांबली. पुढे देवळाच्या वाटेने जाताना मी त्यांना पाहायचो. एक फुलं निवडून परडी मागे सरकवायची, दुसरी न बघता हात घालून हार ओवायची. हातांचा मेळ एकदाही चुकत नसे. मी उगाचच अर्ध्या आण्याची शेवंती घ्यायचो आणि खोलीत देव नाही म्हणून ती पेटीवर ठेवायचो.

तीनेक वर्षांनी थोरली आली. एकटीच. धाकटी तापाने गेली होती, आठ दिवसांत. नोंदलेल्या फर्मचा भागीदार गेला की नागपूरला कळवावं लागतं, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी तिला समजावलं की दोघींपैकी एक गेली की फर्म संपते, पण दुकान संपत नाही, दुकान तुमचंच. ती ऐकत होती. बसली होती मात्र नेहमीसारखी, उजव्या हाताला, डावीकडे पाठ करून.

मी कागद लिहून पुढे केला. अंगठ्याला शाई लावता लावता ती म्हणाली, "तिले सांगा, तिचा अंगठा..."

आणि थांबली. सतरंजीच्या डाव्या बाजूला कोणी नव्हतं. मीही तिकडे मान वळवली होती, सवयीने.

तिने अंगठा कागदावर टेकवला. मग पदराने शाई पुसत म्हणाली, "बावीस वर्सं एका चुलीवर जेवलो, भाऊ. एक शबद सरळ बोलली नाई मी तिच्यासंगं. पन ते तिथं होती म्हनून नवती बोलत. आता अबोला धराले बी कोनी नाई."

तिचे पैसे मी घेतले नाहीत. ती गेल्यावर पेटी लावली आणि भर दुपारी खोलीवर जाऊन बसलो. मला त्या बाईचा हेवा वाटला. विधवेचा, एकटीचा हेवा. बावीस वर्षं तिच्या पाठीमागे कोणीतरी होतं. माझ्या पाठीमागे भिंत होती, आणि ती मीच बांधली होती. दादाला काही झालं तर मला कळवायला कोण येईल? नोटीस देऊन मी तो हक्क सोडला होता. त्या दुपारी मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. वाटेत काय बोलायचं ते चारदा जुळवलं. इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, स्वतःचा एक जुळेना. दुकान तिथेच होतं. बाहेर भाड्याच्या सायकलींची रांग लांबली होती. दादा आत खाली बसून चाकाच्या तारा आवळत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मान वर करून मला पाहिलं. चाक हाताने थांबवलं, आणि परत फिरवलं.

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. जुळवलेलं सगळं विसरलो होतो. तेवढ्यात आतल्या दारात वहिनी आल्या आणि मला पाहून जागच्या जागी थिजल्या. दादाने मान वर केली नाही. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. पाना चालवत तो वहिनींना म्हणाला, "अवं, त्याले इचार, जेवला का."

हे मला किती वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या. मग मीही त्यांच्याकडेच पाहून म्हणालो, "दादाले सांगा, वयनी, नाई जेवलो."