तिसऱ्या मजल्यावरचा कारखाना

तरुणपणी केलेलं गाढवपण आधी कबूल करते: मी टोमॅटो सॉसचा कारखाना काढला, आणि तोही नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर माझं, हात माझे, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला कारखानदारीण समजत होते. पाणी सकाळी तासभर, तेही तळमजल्याच्या नळाला. मंडईतला हमाल पहिल्या मजल्यावर करंड्या ठेवून हात जोडायचा, "ताई, वर काय देऊळ बांधलंय का?" पुढचे दोन जिने मी.

पण मला जिन्यांपेक्षा जास्त दमवलं ते आमच्या खाली राहणाऱ्या भूगोलाच्या मास्तरांनी. कुठलीही वस्तू "ही इथेच का?" असं विचारल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नसे. लग्नात जिलबी वाढली, की साखर कारखाना उसाजवळच का, हे पंगतीनं ऐकायचं. पातेलं घ्यायला गेले, तर भांड्यांची दहा दुकानं एकमेकांना खेटून का थाटतात, हे दुकानदारालाच समजावून सांगत आणि पातेलं न घेताच परत येत. मला जिन्यात गाठत.

"वहिनी, तुम्ही तीन मजले पाणी चढवता आणि वाफ करून खिडकीतून सोडता! आटणाऱ्या मालाचा कारखाना शेताशेजारीच हवा."

"मास्तर, सरका. करंडी जड आहे."

दोन वर्षांनी कमरेनं संप पुकारला. धंदा बंद करायचं घरात ठरलं. ते कळताच मास्तर सायकल मारत खराडीला गेले. तेव्हा तिथे नुसती शेतं. पत्र्याची एक शेड हेरून आले: शेजारी विहीर, पलीकडे टोमॅटो, पुढ्यात रस्ता. रंगीत नकाशाही काढला. एक शेवटचा प्रयत्न, म्हणून मी ती शेड भाड्यानं घेतली.

पहिल्या दिवशी टोमॅटो आले, पाणी आलं. माणसंच आली नाहीत. पेठेतल्या माझ्या दोघी मदतनीस इतक्या लांब येईनात, आणि गावातल्या बायका कापणीला गेलेल्या. एवढा ढीग, आणि उद्यापर्यंत नासणार. मास्तर कोट घालून हौसेनं बघायला आले होते.

"अहो मास्तर, नकाशात माणसं कुठे दाखवलीत?"

मास्तर ओशाळले. कोट काढून खुंटीला टांगला आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसून साली काढल्या. भयंकर काढत होते, निम्मा गर सालीबरोबर. पण दिवसभरात एकदाही "का?" म्हणाले नाहीत. माल निघाला, दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायकाही येऊ लागल्या, आणि धंदा तगला.

त्या पहिल्या संध्याकाळी बसची वाट बघत आम्ही दोघं रस्त्याकडेला उभे होतो. मास्तर लाल झालेले हात रुमालाला पुसत म्हणाले,

"वहिनी, तीस वर्षं फळ्यावर कारखाने काढले. आत पाऊल आज पहिल्यांदा पडलं."