उजेडाची बाजू

पौषातल्या सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोवळं ऊन उतरतं, ज्वारीच्या पिठाचे कण त्यात तरंगत राहतात आणि भाकरीचा खरपूस वास ओसरीपर्यंत पोचतो. सोनपेठच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो, पण या उजेडाकडे माझं लक्ष गेलं ते एका डोळ्याची नजर काचबिंदूनं गेल्यावर. दुसऱ्याचाही भरवसा नाही, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि परतताना एसटीत मी एकच गोष्ट ठरवली. नजर आहे तोवर सुमनचं, माझ्या बायकोचं, एक चित्र काढायचं.

माझ्याजवळ शतकांपूर्वीच्या डच चित्रांचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात राण्या नाहीत, देवता नाहीत. कुणी अंगण झाडते आहे, कुणी लेकराच्या डोक्यातल्या उवा पाहते आहे, कुणी खिडकीशी कंद सोलत बसली आहे, आणि आपल्याकडे कुणी पाहतं आहे याची त्यांतल्या एकीलाही गंधवार्ता नाही. त्या परक्या बायकांच्या हातांवरच्या उजेडाबद्दल मी वर्गात तासन्‌तास बोललो. त्यांची नखंसुद्धा मला पाठ होती.

चित्राचं ऐकताच सुमन तोंड धुऊन, जरीचं लुगडं नेसून, हात गुडघ्यांवर ठेवून खुर्चीत बसली. आमच्याकडे फोटो असाच काढतात. कामाच्या लुगड्यात कुणी समोर बसत नाही. तीन दिवस खपून मी जे काढलं, त्याला हार तेवढा घालायचा राहिला होता. मी ते फाडलं आणि आठवणीतून तिला नव्या कागदावर काठवटीपाशी भाकरी थापायला बसवलं, उजवा हात पिठावर, खिडकी डावीकडे, अगदी पुस्तकातल्यासारखी.

तिनं चित्रातल्या उजव्या हातावर बोट ठेवलं. “ह्या हातानं म्या कधी थापलीच न्हाई,” ती म्हणाली. “डावखुरी हाय मी. लग्नात आईनं बजावलं हुतं, सासरी चारचौघांत उजवाच हात पुढं कर.”

अडतीस वर्षं. खिडकी उजवीकडे घेऊन बसते म्हणून मी एकदा दारातूनच तिला हसलो होतो, उजेड डावीकडून घ्यावा म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही, असा वर्गातला धडाही दिला होता. तेव्हा ती निमूट वळून बसली होती आणि माझी पाठ फिरल्यावर पुन्हा आपल्या जागी गेली असणार. मला फार लाज वाटली. दोन्ही डोळे शाबूत होते तेव्हा मी पाहिलं काय, हे आता मला कुणी विचारू नये.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच चुलीजवळच्या पाटावर कागद घेऊन बसलो. ती रोजच्या विटक्या लुगड्यात होती, तिचा डावा हात सराईतपणे गोल फिरत होता, आणि थोड्या वेळानं मी तिथं असल्याचं ती विसरून गेली. चित्र अर्धंच झालं. शेवटची भाकरी उतरल्यावर मी म्हणालो, “आज त्याच हातानं वाढ.” तिनं दाराकडे पाहिलं. घरात आम्हा दोघांवाचून कुणी नव्हतं. तिचा डावा हात भाकरीपर्यंत गेला, थबकला, पदराआड झाला, आणि तिनं उजव्या हातानंच माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी रोज सकाळी त्या पाटावर जाऊन बसतो. ऊन येतं, आणि वाढण्याआधी ती अजूनही एकदा दाराकडे पाहून घेते.