बाहेरून कडी लावलेल्या खोलीत रूथआत्या

जिवंत माणूस आत होता आणि दाराला बाहेरून कडी होती.

ती कडी काढणारी बाई आज सकाळी गेली. माझ्या नवऱ्याची आत्या. आमच्या सगळ्यांच्या रूथआत्या.

१९९४. सुरतेत प्लेग आला ते वर्ष.

बमरोलीत आमची दुमजली चाळ. वर आम्ही, खाली पॉवरलूमवाल्या कामगारांच्या खोल्या.

मला सातवा महिना लागलेला. मध्येच ब्लीडिंग झालं आणि डॉक्टरांनी कम्प्लीट बेड रेस्ट सांगितली. माझा नवरा सुधाकर त्याच्या आईच्या ऑपरेशनसाठी जालन्याला गेलेला. माझ्याजवळ फक्त आत्या. विधवा, मूलबाळ नाही, साड्यांवर टिकल्या चिकटवून स्वतःचं पोट भरायच्या.

आणि बघता बघता शहर रिकामं झालं.

टेम्पोत, ट्रकवर, मिळेल त्यात बसून लोक पळाले. आमची चाळ ओस पडली. डॉक्टरांचं शटर बंद. एसटीडी बूथ बंद. लूम बंद.

रात्रंदिवस खडखडाट ऐकायची सवय झालेल्या कानांना ती शांतता सहन होईना.

गर्दीच्या गाडीत चढले तर बाळ जाणार. इथं राहिले तर प्लेग. खिडकीसुद्धा लावून घेतलेली. तोंडाला ओढणी बांधून मी नुसती पडून असायचे.

प्रार्थना करायला जावं तर शब्दच सुचायचे नाहीत.

"आत्या, देव पण गेला का हो सगळ्यांबरोबर गाडीत बसून?" एकदा मी चिडून विचारलं.

त्या पीठ मळत होत्या. "गेला असंल तर येईल परत. तू खाऊन घे."

त्याच दुपारी खालून भिंतीवर धपधप ऐकू आली. मग आवाज.

"कोनी से का वर? पानी..."

आत्या जिना उतरून बघून आल्या. "खालचा भगवान हाय, धुळ्याकडचा. तापानं फणफणलाय. बरोबरचे गडी पळाले आन् जाताना बाहेरून कडी लावून गेले."

कुलूप नव्हतं. नुसती कडी.

मी त्यांचा पदर धरला. "आत्या, नका जाऊ. तुम्ही तिथून परत वर कशा येणार? माझ्या पोटात लेकरू आहे."

"न्हाई येणार वर."

"मग इथूनच प्रार्थना करा ना त्याच्यासाठी!"

त्यांनी पदर हळूच सोडवून घेतला.

"तो खालून हाका मारायलाय आन् मी वर बसून प्रार्थना करू? कोणत्या तोंडानं?"

माझ्या उशाशी बरेच दिवस पुरतील एवढ्या भाकरी, चटणी, पाण्याची कळशी ठेवली आणि त्या गेल्या.

कडी सरकल्याचा आवाज मला वर ऐकू आला.

मग मी वर, ती दोघं खाली. मध्ये नुसत्या लाकडी फळ्यांची तक्तपोशी. सगळं ऐकू यायचं. त्याचा खोकला. आत्या त्याला पाणी पाजताना म्हणायच्या, "घे रे दादा, अजून एक घोट." तो तापात बायकोला बोलवायचा, "मंगलले बलाव." आणि आत्या आपल्या घोगऱ्या आवाजात उपासनेतली गाणी म्हणायच्या. त्याला कळत होतं की नाही, देव जाणे. पण गाणं थांबलं की तो कण्हायचा.

प्लेगवरच्या कॅप्सूल वाटणारे पालिकेचे लोक येऊन गेले. त्या कॅप्सूल आत्यांनी त्याला दिल्या. उतार पडेना.

एका सकाळी खाली एकदम सामसूम.

"आत्या?"

मी फळीवर थाप मारली.

"आत्या!"

"गेला गं."

आणि मग त्यांचं रडणं. मी त्यांना तसं रडताना आधी कधीच ऐकलं नव्हतं.

मला जिना उतरायची बंदी. दार बंद, खिडकी बंद. काहीच करता येईना. मी म्हटलं, "आत्या, प्रार्थना करा. तुम्हाला बरं वाटेल."

"होईना मला. शब्दच निघंना. सुनीता, आज तू कर."

मी? माझ्या तोंडून तर इतके दिवस एक शब्द निघाला नव्हता.

मी कुशीवर वळले आणि फळ्यांजवळ तोंड नेऊन म्हटलं,

"प्रभू, आम्ही इथं आहोत. मी वर, आत्या खाली. भगवानभाऊ आता तुझ्याकडे आलाय, त्याला घे. इथं आमचं कोणी नाही. तू तरी जाऊ नकोस."

एवढंच.

ना उजेड पडला, ना कुठला आवाज आला. खोली तेवढीच कोंदट होती.

पण मी एकटी नव्हते. हे मला आजही कोणाला नीट समजावून सांगता येत नाही. मी तेव्हा एकटी नव्हते, बस.

खालून आवाज आला, "आमेन."

भगवानभाऊला न्यायला आलेल्या माणसांना आत्यांनी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. "मंगल म्हणून बायको हाय त्याची. तिला कळवा." मग त्या त्याच खोलीत राहिल्या, आपल्याला ताप येतो का याची वाट बघत.

नाही आला.

भगवानभाऊ नक्की कशानं गेला, आम्हाला कधीच कळलं नाही.

लूम परत सुरू झाले. सुधाकर आला. दिवस भरल्यावर आमची लेक झाली, धडधाकट.

दिवाळीनंतर एक बाई चाळ विचारत आली. हातात पिशवी, कपाळ मोकळं. मंगल होती.

आत बसायला तयार नव्हती. उंबऱ्यातच उभं राहून तिनं विचारलं,

"शेवटला टाइमले त्यानाजोडे कोन व्हतं?"

आत्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी होते, माय. हात धरून होते. आन् आमचा प्रभू होता."

मंगलला आमचा प्रभू कोण हे ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंही नाही. ती तिथंच खाली बसली, आत्यांच्या मांडीत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रूथआत्या, प्रभूच्या कुशीत शांत झोपा.

तो उठवेल त्या सकाळी भेटू.