आधी सारवण

महाले भाऊ फवारणीनंतर कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला तळवा लावत. भिंत ओली लागली की अंगणात येऊन बसत आणि म्हणत, "संपलं." जव्हारकडल्या वांगणीजवळच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून नवी होते, तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नसे.

भाऊ आमचे आरोग्यसेवक. पावसाच्या तोंडावर घरोघरी आतून मलेरियाचं औषध फवारून घ्यायचं काम त्यांच्याकडे. कुडाच्या भिंतीवर ते टिकलं तर लहान पोरांना पावसाळाभर आडोसा मिळे. पण औषधाला वास येई, भिंतीवर पांढरे डाग उठत. बाया दोन-चार दिवसांत शेणमातीने सारवून घेत आणि औषध खाली गाडलं जाई. भाऊ पाड्यापाड्यावर तेच सांगत, बाया माना डोलावत. "सिस्टर, चालून नाही, सांगून माणूस थकतो," ते म्हणत.

एका वर्षी वरच्या पाड्यावरल्या यमुनाच्या दिराचं लग्न होतं. फवारणी झाली आणि तिने लग्नासाठी सगळं घर सारवलं. श्रावणात तिची धाकटी मुलगी तापली. ताप मेंदूत गेला. जव्हारला पोचेपर्यंत पोर राहिली नाही.

माती देऊन झाल्यावर भाऊ तिच्या दारात बसून होते. तिने हळूच विचारलं, "मी सारवला म्हणून गेली का?"

"नाही," भाऊ म्हणाले. "मी चुकीच्या दिवशी आलो."

पुढल्या उन्हाळ्यात ते आधी फवारणीचा पंप न घेताच हिंडले. कुणाकडे लग्न आहे, कोण कधी सारवणार, एवढंच विचारत. फवारणीच्या तारखा वरून ठरून येत. त्या पाड्यागणिक मागेपुढे करून घेताना त्यांनी साहेबांची बोलणी खाल्ली. "भिंत बाईची, दिवसही बाईचा. आपण तिच्या मागून जायचं," असं म्हणत राहिले. पाडे फार, माणसं थोडी. सगळीकडे जमलं नाही. ताप येतच राहिला, थोडा कमी. यमुनाच्या घरी मात्र ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवत.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या फवारणीत तीच उतारावरून आमच्याकडे आली. कडेवर नवं बाळ होतं.

"भाऊ, परवाच माजा सारवून झाला," ती म्हणाली. "आता तू ये."

भाऊंनी पंप खांद्यावर घेतला आणि तिच्या मागून चढ चढू लागले.